सांखे काका विरुद्ध यंत्र

एकाच बसने, त्याच सीटवर, त्याच माणसांबरोबर वर्षानुवर्षं कामाला जाऊन बघा. किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते न सांगता डब्याच्या पिशवीत येऊन बसतात आणि पिशवी धुवायला काढली की सापडतात. मी त्यातला एकही कधी लिहून ठेवला नाही, आणि एकही विसरले नाही!

आमची कंपनीची बस पालघरहून निघते, वाटेत उमरोळीला थांबते आणि बोईसर ओलांडून आम्हाला तारापूरच्या एमआयडीसीत नेऊन सोडते. शेवटचं बाकडं आमचं. मी लॅबमध्ये, दिवसभर रंगांची सॅम्पलं तपासणारी. तामोरे सातपाटीचा, कंट्रोल रूममध्ये बसणारा, बाजारात नवा मोबाइल आला की ज्याला रात्री झोप लागत नाही असा. आणि सांखे काका उमरोळीचे, इन्स्ट्रुमेंट विभागातले, रिटायर व्हायला आलेले. बस चालवतात यादवजी. ते वादात आरशातून भाग घेतात.

वाद एकच. यंत्र विचार करतं का? तामोरे म्हणणार, करतं. काका म्हणणार, नाय. मी म्हणणार, हळू बोला, डबा सांडेल.

गेल्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं बोलणं गेलं. वाद तिथेच थांबला. काका आतून पूर्वीचेच काका आहेत की नाहीत, हे आम्हाला कळेना. आणि ते कळत नव्हतं तोवर बसमध्ये कुणाला धड हसायलाही येत नव्हतं. त्या दिवसांत खिडकीबाहेर बघत मी हे सगळे किस्से पुन्हा पुन्हा आठवत बसायचे.

* * *

सुरुवात झाली ती कंट्रोल रूममध्ये नवी सिस्टिम आली तेव्हा. पंप, मोटारी, ब्लोअर, सगळ्यांना सेन्सर लावले. कुठे काय बिघडणार ते ही सिस्टिम आधीच सांगणार, तेही बाईच्या गोड आवाजात. तामोरे तिच्यावर लट्टू झाला. एका सकाळी बसमध्ये चढला तोच ओरडत, "काका, तिने काल सांगितलं पंप जाणार, आणि रात्री पंप गेला! विचार केल्याशिवाय कळलं काय तिला?"

काकांनी शांतपणे पाय लांब केले. "तामोऱ्या, पाऊस येणार ते माझा गुडघा आदल्या दिवशी सांगतो. गुडघा इचार करतो काय रे?"

यादवजी हसण्याच्या नादात खड्डा चुकवायला विसरले.

दुसऱ्या दिवशी तामोरे तयारी करून आला. "काका, तुमचा गुडघा फक्त पाऊस येणार एवढंच सांगतो. आमची सिस्टिम कुठल्या पंपाचं कुठलं बेअरिंग ते सांगते!"

"गुडघा पण सांगत असेल," काका म्हणाले. "मीच कधी नीट ऐकून घेतलं नाय!"

* * *

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. यंत्राला मन नसतं हे वर्षभर सांगणारे सांखे काका त्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. पॅकिंगचं मशीन त्यांच्या विशेष प्रेमातलं. ते त्याला स्वतः पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. त्या वर्षी हार जरा मोठाच आणला होता.

नारळ फुटला, पेढे वाटले, मोठ्या साहेबांनी बटण दाबलं. मशीन ढिम्म! पुन्हा दाबलं. पुन्हा ढिम्म. साहेबांचा चेहरा पडला. पूजेच्या दिवशीच अपशकुन!

तामोरे मागून हळूच म्हणाला, "रुसली वाटतं."

काका वाकून बघायला गेले आणि एकदम गोरेमोरे झाले. समोरून पिशवी गेली की नाही ते बघायला त्या मशीनला एक डोळा असतो, उजेडावर चालणारा. काकांचा हार नेमका त्याच्यावर आला होता. मशीनला वाटत होतं, समोर पिशवी अडकलीय. ते बिचारं पिशवी पुढे जायची वाट बघत थांबलं होतं.

काकांनी हार वर सरकवला, मशीन धडधडायला लागलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी बसमध्ये तामोरेने त्यांना धरलंच. "काका, तिला मन नाय ना? मग एवढा मोठा हार कशाला?"

"तिला नाय," काका म्हणाले, "पण मला हाय ना!"

* * *

मग तामोरेने परीक्षा घ्यायचं ठरवलं. काकांनी फोनवर एक प्रश्न टाइप करायचा. दोन उत्तरं येतील. एक तामोरेच्या फोनमधल्या ॲपचं, एक माझं. माणूस कोण आणि यंत्र कोण, ते काकांनी ओळखायचं. मी पुढच्या सीटवर जाऊन पाठमोरी बसले. बसमधले सगळे माना वळवून बघायला लागले.

काकांनी प्रश्न टाकला: "बायको सकाळपासून बोलत नाही. काय करू?"

मी मनापासून विचार केला हो! लिहिलं, "नाराजीचं कारण शोधा. शांतपणे चर्चा करा. एकमेकांचा दृष्टिकोन समजून घ्या."

ॲपने लिहिलं, "आधी चहा करून द्या. तेव्हाच कारण विचारू नका."

काकांनी चष्मा वर करून दोन्ही उत्तरं वाचली आणि निकाल दिला. "चहावाला माणूस. चर्चावालं यंत्र!"

बस नुसती कोसळली हसून. त्यानंतर कितीतरी दिवस मला बसमध्ये सगळे 'मशीन मॅडम' म्हणत होते. यादवजी तर मी चढताना विचारायचे, "मॅडम, चार्जिंग पूरा है ना?"

तामोरे जिंकला म्हणून नाचायला लागला. पण काका हरले तरी गप्प बसणारे नव्हेत. म्हणाले, "चहा म्हंजे काय ते त्याला ठाऊक नाय. त्याने नुसती अक्षरं पुढे केली. अर्थ लावला तो मी. अर्थ त्या फोनमध्ये नाय, माझ्या डोक्यात हाय!"

"मग मी बोलतो त्याचा अर्थ कुठे असतो?" तामोरेने विचारलं.

"तू बोलतोस त्याला अर्थ असतोच कुठं?"

दुसऱ्या दिवशी मला काकूंचा फोन आला. "वैशाली, काल यांनी चहा करून दिला. हे यांच्या डोक्यातलं नाय. खरं सांग, कुणी सांगितलं?"

* * *

एकदा तामोरे फुशारकी मारत आला. "काका, आमची आई पण माझ्या पार्टीत आली!"

त्याची आई पालघरच्या बाजारात मासळी विकते. आदल्या संध्याकाळी त्याने फोन तिच्यासमोर धरला आणि म्हणाला, "बोल याच्याशी." फोनने विचारलं, "आज तुमचा दिवस कसा गेला?"

"आणि काका, आई बोलायलाच लागली! मी जेवत होतो, ती बोलतच होती. पहाटे बर्फ आणला तिथपासून. गिऱ्हाइकं कशी घासाघीस करतात, उन्हात पाठ कशी भाजते, पाटी उचलताना मनगट कसं दुखतं. पावसाळ्यापासून दुखतंय म्हणे. रात्री कूस बदलली तरी कळ येते…"

बोलता बोलता त्याचा आवाज खाली खाली गेला. आईचं मनगट पावसाळ्यापासून दुखतंय, हे त्यालाही आदल्या संध्याकाळी, ती फोनला सांगत असतानाच कळलं होतं.

मला वाटलं, काका आता टोमणा मारणार. पण त्यांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला. "यंत्र इचार करतं की नाय ते आपण सोमवारी बघू," ते म्हणाले. "तू कर. उद्या रजा टाक आणि तिला डॉक्टरकडे ने."

तामोरेने रजा टाकली.

* * *

यादवजींच्या समोर कंपनीने एक कॅमेरा बसवला. ड्रायव्हरला डुलकी लागली की तो बाईच्या गोड आवाजात ओरडतो, "सावधान! आपको नींद आ रही है!" त्यालाच जोडलेला एक डबा रस्ताही सांभाळतो. बस ठरलेल्या रस्त्यावरून जरा इकडेतिकडे गेली की त्याच आवाजात सूचना देतो.

आता यादवजींची गंमत अशी की ते हसले की त्यांचे डोळे पूर्ण मिटतात. आणि शेवटच्या बाकड्यावर आम्ही! काकांनी काही म्हटलं की यादवजी हसणार, आणि लगेच, "सावधान! आपको नींद आ रही है!" ते ऐकून सगळी बस हसणार, त्यामुळे यादवजी आणखी हसणार, की पुन्हा "सावधान!" बोईसर येईपर्यंत हेच.

काकांना कोण आनंद झाला! "बघ तामोऱ्या! हसणं काय आणि झोपणं काय, हिला फरक कळत नाय. ही इचार करणार!"

तामोरे काही बोलायच्या आत यादवजीच तिच्या बाजूने उभे राहिले. "काका, उसका क्या दोष? हमारी शादी का फोटो देखिए। हमको खुद समझ में नहीं आता कि हँस रहे हैं कि सो रहे हैं!"

* * *

त्या सकाळी काका थांब्यावर नव्हते.

बसने कुणासाठी थांबायचं नाही असा नियम आहे. यादवजींनी हॉर्न दिला आणि थांबले. पुन्हा दिला. कुणी कुरकुर केली नाही, कारण काका उशिरा येणारे नव्हते. मग रस्त्याच्या पलीकडून काकू धावत येताना दिसल्या. पायात चपला नव्हत्या. कुणी काही म्हणायच्या आधीच तामोरे बसमधून उडी मारून त्यांच्या घराकडे पळाला होता.

काकांना घरातून उचलून आणलं आणि शेवटच्या बाकड्यावर आडवं केलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. यादवजींनी तिथेच बस वळवली आणि पालघरच्या हॉस्पिटलकडे सोडली.

तो डबा बोलायला लागला. "आप निर्धारित मार्ग पर नहीं हैं। कृपया वापस मुड़िए।" तोच गोड आवाज, तीच वाक्यं, पुन्हा पुन्हा. "कृपया वापस मुड़िए।"

"नहीं मुड़ेंगे, बहनजी," यादवजी रडवेल्या आवाजात म्हणाले. "आज माफ करो।"

तामोरे उठला, पुढे गेला आणि त्याने डब्याची वायर खेचून काढली.

* * *

वेळेवर पोचल्यामुळे काका वाचले. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. म्हणजे एक शब्द राहिला. उमरोळी.

रोज संध्याकाळी गाव आलं की ते हा शब्द ओरडून सगळ्या बसला जागं करायचे. बहुतेक तोच तेवढा जिभेवर राहून गेला. आता त्यांना काहीही विचारा. काका, बरं वाटतंय का? "उमरोळी." काका, पाणी हवं का? "उमरोळी." डॉक्टर म्हणाले, असं होतं. बोलायचा भाग गेलाय. समजायचा किती राहिलाय ते इतक्यात सांगता येणार नाही.

भेटायला येणाऱ्यांनी मात्र लगेच सांगून टाकलं. एक मेहुणे त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने म्हणाले, "आता यांना काय कळतंय!" काका पंख्याकडे बघत होते. मला त्या मेहुण्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेले.

तामोरे तामोरेच. त्याने काकांची 'उमरोळी' फोनवर रेकॉर्ड केली आणि ॲपला विचारलं, "हा माणूस काय सांगतोय?"

ॲप नम्रपणे म्हणालं, "उमरोळी हे पालघर आणि बोईसर यांच्या मधलं रेल्वे स्टेशन आहे. तुम्हाला तिथे जायचं आहे का?"

काकू खाली बसून वाल सोलत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "लुंगी सैल झालीय म्हणतायत. जरा बांध रे."

लुंगी खरंच सैल झाली होती!

काकू म्हणायच्या, सकाळची उमरोळी वेगळी, जेवणाची वेगळी, रागाची वेगळी. त्यांना सगळं कळायचं. आम्हाला ऐकून बरं वाटायचं. पण घरी जाताना शंका यायची. कारण काकाच म्हणाले होते ना, अर्थ त्या फोनमध्ये नाय, माझ्या डोक्यात हाय. मग हे सगळे अर्थ काकांचेच होते, की काकूच आपल्या मायेने लावत होत्या? लुंगी तर कुणालाही दिसली असती. मी हे कुणालाच बोलले नाही. तामोरेही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर हेच होतं. बसमध्ये तो फोन खिशातून काढेनासा झाला.

* * *

मग एका रविवारी आम्ही तिघं गेलो. मी, तामोरे आणि यादवजी. काकांना उशीला टेकवून बसवलं होतं, दाढी नीट केलेली. आम्ही सगळे त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने आणि सावकाश बोलत होतो. "का-का, ऊन ब-घा किती छान पड-लंय!" काका खिडकीकडे बघत होते. मला स्वतःचाच आवाज नकोसा झाला.

तामोरे बराच वेळ चुळबुळ करत होता. शेवटी पलंगावर त्यांच्याजवळ सरकून बसला. "काका, मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "तुम्ही जिंकलात. मी हरलो. यंत्र नुसतं बोलतं, आत काही नसतं. तुमचं मला पटलं. मी मानतो."

यादवजींनी मान डोलावली. मीही डोलावली. काकांना बरं वाटावं, एवढंच आमच्या मनात होतं.

काकांनी सावकाश मान वळवली. तामोरेकडे बघितलं. आणि त्यांचा चेहरा लाल लाल झाला.

"उमरोळी!"

इतक्या जोरात, की स्वयंपाकघरातून काकू धावत आल्या. "काय झालं? काय म्हणालास तू त्यांना?"

"काही नाही हो काकू! मी हरलो म्हणालो!"

"उमरोळी! उमरोळी!" काका डाव्या हाताने गादीवर थापा मारत होते.

"काकू, काय म्हणतायत?" मी विचारलं.

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. पदराला हात पुसले. "हे मला नाय कळत," त्या म्हणाल्या. "हे घरातलं नाय. हे तुमचं बसमधलं हाय."

काकांनी डावा हात लांब केला आणि तामोरेच्या शर्टाच्या खिशातून फोन ओढून काढला. फोन बंद होता. तो त्यांनी आपल्या मांडीवर ठेवला. एक बोट त्या काळ्या काचेवर टेकवलं. मग तेच बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं. पुन्हा फोनवर. पुन्हा कपाळावर. मग भुवया उंचावून तामोरेच्या डोळ्यांत बघत, अगदी हळू, त्यांच्या जुन्या वाद घालायच्या आवाजात त्यांनी विचारलं,

"उमरोळी?"

मला ते स्पष्ट ऐकू आलं: याच्या आत काय नाय म्हणतोस, मग माझ्या आत हाय ते कशावरून? तामोरेचं तोंड उघडं होतं. त्याने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. एक बोट वर केलं, मग खाली घेतलं. पुन्हा वर केलं.

"काका, ही चीटिंग हाय!" तो ओरडला. "एवढे दिवस तुमी माझ्या विरुद्ध बोललात, आणि आता मी तुमच्या बाजूला आलो तर तुमी तिकडं गेलात? ही चीटिंग हाय!"

आणि काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून तो ढसाढसा रडायला लागला. काका डाव्या हाताने त्याची पाठ थोपटत होते, आणि त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी मला डोळा मारला.